नलिनीताईंची वासाची बाग

"फुलझाडं लावून द्या" असं सांगणारी माणसं पुष्कळ भेटतात. "वास लावून द्या" असं सांगणारी फार थोडी. मी मात्र या दुसऱ्या प्रकारच्या माणसांची वाट बघत गेली कित्येक वर्षं छावणीच्या कडेला नर्सरी मांडून बसले आहे.

माझं माहेर गंगापूरकडचं. घरी ऊस आणि कापूस. दारात फुलझाड लावायची पद्धत नव्हती. "जे खाता येत नाय अन् विकता येत नाय, त्याला पाणी कशाला घालायचं?" असं आमचे आबा म्हणायचे. पुढं मी फुलझाडंच विकून घर चालवलं आणि आबा उतारवयात माझ्याकडं राहायला आले, तेव्हा रोज सकाळी जाईच्या वेलाखाली खुर्ची टाकून बसायचे. आधीचं बोलणं त्यांनी मागं घेतलं नाही आणि मीही आठवण करून दिली नाही.

वासाची बाग म्हणजे सगळी सुवासिक झाडं एका ठिकाणी दाटीवाटीनं लावायची, असं लोकांना वाटतं. तसं केलं तर अत्तराच्या दुकानात शिरल्यासारखं होतं, पाच मिनिटांत डोकं जड होतं. मी कुणाच्या घरी गेले की आधी झाडांचं नाव काढत नाही. घरातलं कोण कुठं बसतं, किती वाजता बसतं, ते विचारते. सकाळी चहा घेऊन ओट्यावर बसणाऱ्याला मोगरा देऊन काय उपयोग? मोगरा संध्याकाळी उमलतो. त्याला सकाळी पडणारा पारिजातकाचा सडा द्यावा, नाहीतर सोनचाफा. मग वारा बघायचा. आपल्याकडं उन्हाळ्यात संध्याकाळचा वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो, तेव्हा झाड माणसाच्या पश्चिमेला पाहिजे. पूर्वेला लावलं तर वास शेजाऱ्याला आणि पाणी आपलं.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एका गृहस्थांना तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत केवडा पाहिजे होता. केवडा वाढून आडवातिडवा पसरला की गॅलरीत उभं राहायची सोय राहणार नाही, हे त्यांना कागदावर आकृती काढून पटवावं लागलं. एका सूनबाईंना सासूच्या खोलीच्या खिडकीखालीच रातराणी हवी होती. "सासूबाईंना आवडते वाटतं?" असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "नाही, त्यांचं डोकं दुखतं." ती रातराणी मी लांब फाटकापाशी लावली. सासू आणि सून, दोघीही माझ्यावर नाराज झाल्या. त्या घरात दोघींचं एकमत झालेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

पण माझ्या कामात मला सगळ्यात जास्त शिकवून गेल्या त्या पुंडलिकनगरातल्या नलिनीताई कुलकर्णी. त्यांची गोष्ट त्यांना विचारूनच सांगते आहे. त्या म्हणाल्या, "लिहा की. फक्त माझ्या मसाल्याबद्दल चांगलं लिहा."

कोरोनाची साथ ओसरल्यानंतरच्या हिवाळ्यात त्या नर्सरीत आल्या. साठीच्या आसपासच्या, ठेंगण्या, घाईनं बोलणाऱ्या. मागं त्यांचे यजमान वसंतराव, हातात कापडी पिशवी. ते पाटबंधारे खात्यात हिशेबाच्या कामाला होते, निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती. नलिनीताई मोगऱ्याच्या रोपांपाशी गेल्या आणि थेट म्हणाल्या, "मला वासाची बाग करायचीय. जोरात वास येणारी झाडं द्या. मंद वगैरे काही नको."

"जोरात म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे फाटकातून आत आलं की कळलं पाहिजे."

त्यांचं घर बघायला गेले. बैठं घर, पुढं छोटं अंगण, एका बाजूला भिंतीलगत चिंचोळी पट्टी. खाली मुरूम. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येणार आणि बोअरचं पाणी क्षारांचं. असं पाणी मोगऱ्याला सतत दिलं की पानं पिवळी पडतात. म्हणून मोठ्या कुंड्यांत माती तयार करून मोगरा लावायचा, नळाचं पाणी साठवून फक्त त्यालाच घालायचं आणि बोअरचं पाणी बाकीच्यांना, असं ठरवलं. पश्चिमेच्या भिंतीवर जाई आणि जुई, कोपऱ्यात सोनचाफा, स्वयंपाकघराच्या दाराशी लिंबू आणि गवती चहा. नलिनीताई प्रत्येक झाडाबद्दल एकच प्रश्न विचारायच्या, "ह्याचा वास कसा असतो?"

मला नवल वाटायचं. जाई-जुईचा वास कसा असतो, हे मराठवाड्यातल्या साठीच्या बाईनं विचारावं? पण विचारणाऱ्याला सांगणं हे माझं कामच. मी सांगायची आणि त्या डोळे मिटून ऐकायच्या.

मोगऱ्याचं एक तंत्र असतं. हिवाळ्यात त्याचं पाणी तोडायचं, पानं गळू द्यायची, मग छाटणी करून खत घालायचं आणि पुन्हा पाणी सुरू करायचं. आधी उपाशी ठेवून मग जेवायला वाढावं तसं. मग उन्हं तापायला लागली की तो कळ्यांनी भरून येतो. त्या वर्षी नलिनीताईंचा मोगरा असा फुलला की रस्त्यानं जाणारे लोक फाटकाशी थांबायचे. त्या मात्र फूल हातात घेऊन मला विचारायच्या, "मागं तुम्ही सांगितला होता तसाच आहे ना हा वास?"

"तसाच आहे की."

"मग झालं तर."

पहिली शंका मला आली ती पेंडीमुळं. शेंगदाण्याची पेंड पाण्यात आठवडाभर भिजत ठेवली की उत्तम खत होतं, पण तिला जो वास सुटतो त्याचं वर्णन दिवाळी अंकात करू नये. मी तोंडाला पदर बांधून पिंपातलं पाणी ढवळत होते. वसंतराव नाकाला रुमाल लावून केव्हाच घरात पळाले होते. आणि नलिनीताई चहाचा कप घेऊन आल्या, पिंपावर अगदी वाकून आत बघितलं आणि म्हणाल्या, "फेस आलाय वर. मी ढवळू का थोडं? तुम्ही चहा घ्या."

त्या ढवळत राहिल्या, पदर न लावता, कपाळाला आठी न घालता. किती सोशीक बाई आहे, असं आधी वाटलं. घरी येताना मात्र मनात काहीतरी टोचत राहिलं.

त्यानंतर काही दिवसांनी मी सकाळी त्यांच्याकडं मरव्याची रोपं द्यायला गेले. वसंतराव भाजी आणायला बाहेर पडले होते. बाजूच्या पट्टीतून स्वयंपाकघराच्या दाराशी पोहोचले आणि गॅसचा भपकारा आला. आत ओट्यावर दूध उतू जाऊन शेगडी विझलेली, बटण चालूच. त्याच खोलीच्या कोपऱ्यात देवघर. नलिनीताई देवापुढं पाटावर बसलेल्या, एका हातात काडेपेटी, दुसऱ्या हातात काडी.

ओरडले तर त्या दचकतील आणि काडी ओढली जाईल, एवढं मला सुचलं. मी शक्य तितक्या साध्या आवाजात म्हटलं, "नलिनीताई, काडी ओढू नका. तशीच खाली ठेवा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "का हो?"

"ठेवा आधी."

त्यांनी काडी ठेवली. मी आत जाऊन शेगडी बंद केली, सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या आणि त्यांचा हात धरून त्यांना अंगणात आणलं. त्या पायरीवर बसल्या आणि बराच वेळ काडेपेटी हातात तशीच धरून होत्या.

"गॅस सुटला होता?" त्यांनी विचारलं.

"व्हय. घर भरलं होतं."

"मला कळलंच नाही," त्या म्हणाल्या. "मला काहीच कळत नाही, मंगलताई. तो आजार झाला तेव्हा वास गेला, तो परत आलाच नाही. लोकांना पंधरा-वीस दिवसांत येतो, महिन्यात येतो. मला फुलाचा येत नाही, तेलाचा नाही, उदबत्तीचा नाही. नातवंडाच्या डोक्याचा पण नाही आला, मागं आलं होतं तेव्हा."

मी म्हटलं, "मग वासाची बाग कशाला लावून घेतली?"

तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की रोज तेच तेच ठरावीक वास हुंगत राहायचं, लवंग, लिंबू, गुलाब. नाकाला पुन्हा शिकवावं लागतं. "डब्यातल्या लवंगा हुंगून हुंगून मी कंटाळले," त्या म्हणाल्या. "वाटलं, घराभोवतीच वास उभे करावेत. एखादा कधीतरी चुकून आत शिरेल."

"पण मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर लावली असती का बाग?"

मी खरं ते सांगितलं. "नसती लावली. म्हटलं असतं, रंगीत पानांची झाडं लावा, बघायला छान दिसतात."

"म्हणूनच नाही सांगितलं."

फुलांपेक्षा मोठं दुःख त्यांना मसाल्याचं होतं. नलिनीताईंचा काळा मसाला साऱ्या गल्लीत प्रसिद्ध. दर उन्हाळ्यात आजूबाजूच्या बायका धने, मिरच्या, खोबरं, दगडफूल असं साहित्य घेऊन त्यांच्याकडं यायच्या आणि त्या प्रत्येकीचा मसाला स्वतः भाजून द्यायच्या. काळ्या मसाल्यात सगळी करामत भाजण्याची असते आणि भाजण्याची सगळी करामत नाकाची. कढई नेमकी कधी उतरवायची, हे डोळ्यांना कळायच्या आधी नाकाला कळतं. वास गेल्यावर त्यांनी वसंतरावांना कढईशेजारी उभं केलं होतं. पण त्या गृहस्थांना सगळेच वास सारखे. काही घाणे करपले, काही कच्चे राहिले.

"कुणी काही बोललं नाही हो," नलिनीताई म्हणाल्या. "सगळ्यांनी गोडच मानून घेतलं. फक्त पुढच्या उन्हाळ्यात कुणी आलं नाही."

तेवढ्यात वसंतराव पिशवी घेऊन फाटकातून आले. घरात अजून थोडा गॅसचा वास होता. त्यांनी आत डोकावून बघितलं, मग पायरीवर बसलेल्या बायकोकडं बघितलं, तिच्या हातातल्या काडेपेटीकडं बघितलं. पिशवी खाली ठेवली आणि तिच्या शेजारी बसले.

"यापुढं दूध मी तापवीन," ते म्हणाले.

"तुमचंही उतू जाईल."

"जाईल. पण मला वास येतो."

त्या दिवसानंतर मी ती बाग दुसऱ्यांदा आखली. आधी मी केली होती ती नाक शाबूत असणाऱ्यांसाठी. एक वास दुसऱ्यात मिसळावा, संध्याकाळी सगळ्यांचं मिळून एक वातावरण व्हावं, अशी. नलिनीताईंना तसं नको होतं. त्यांना एका वेळी एकच वास पाहिजे होता, नाकाशी धरता येईल असा. म्हणून बसायच्या बाकाशेजारी हाताच्या उंचीवर पानांच्या वासाची झाडं ठेवली. मरवा, पानओवा, दवणा. फुलाच्या वासाचा भरवसा नसतो, ते आज आहे, उद्या नाही. पान कधीही चुरडलं की वास देतं. जाई-जुईच्या मधली जागा वाढवली. लिंबाची फांदी बाकाकडं वळवून बांधली.

रोज संध्याकाळी दोघं तिथं बसू लागले. वसंतराव एक पान खुडायचे, चुरडायचे, आधी स्वतः हुंगायचे आणि मग बायकोच्या नाकाशी धरायचे. वास कसा आहे ते त्यांनी तोंडानं सांगायचं आणि नलिनीताईंनी तो आठवायचा, असं त्यांनी आपापसात ठरवून टाकलं होतं. सुरुवातीला मी एकदा तिथं हजर होते.

"कसा आहे?" नलिनीताईंनी विचारलं.

"चांगला आहे."

"चांगला म्हणजे कसा?"

वसंतरावांनी विचार केला. "वाईट नाही."

"अहो, इतकी वर्षं माझ्या हातचं जेवलात. धन्याचा वास कुठला आणि जिऱ्याचा कुठला, हे पण सांगता येईना तुम्हाला?"

"जेवताना मी वास कशाला घेऊ? जेवायचो मी."

मला हसू आलं, पण वसंतराव मनाला लावून घेणारे होते. हिशेब तपासणाऱ्या माणसाची चिकाटी त्यांच्यात होती. ते एकच पान पुन्हा पुन्हा हुंगायचे आणि शब्द शोधायचे. मरव्याला म्हणायचे, "जरासा कापरासारखा, पण मऊ." पानओव्याला म्हणायचे, "लहानपणी पोट दुखलं की आई द्यायची ना, तसा." एकदा मला म्हणाले, "मंगलताई, जुईच्या बंद कळीला काकडीसारखा वास असतो. उमलली की तो जातो. तुमच्या लक्षात आलंय का?" माझ्या लक्षात आलं नव्हतं. घरी येऊन कळी हुंगून बघितली. खरंच होतं.

नलिनीताईंना मात्र काहीच येत नव्हतं. तरी त्या रोज बसायच्या.

श्रावणात एक दिवस वसंतरावांचा फोन आला. "लवकर या. झाडं उपटायलीय ही."

मी पोहोचले तेव्हा मरवा मुळासकट उपटून पडला होता, दवण्याची कुंडी आडवी होती आणि नलिनीताई खुरपं घेऊन मोगऱ्यापाशी बसल्या होत्या. रडून रडून चेहरा लाल झालेला.

"सडलंय हे सगळं," त्या म्हणाल्या. "तुमची माती सडलीय. मोगऱ्याला रॉकेलचा वास येतोय. मेलेल्या उंदरासारखा पण."

मी फूल हुंगलं. फूल उत्तम होतं, पावसानं धुतलेलं. मी वसंतरावांकडं बघितलं. ते हळूच म्हणाले, "चहाला पण असंच म्हणते. कांद्याला पण. दोन दिवस नीट जेवली नाही."

डॉक्टरांना त्यांनी फोन केला होता. डॉक्टरांचं म्हणणं होतं की हे चांगलं लक्षण आहे. वासाच्या नसा पुन्हा जाग्या होताना आधी असेच चुकीचे वास येतात, धीर धरावा लागतो. काहींना काही महिने, काहींना त्याहून जास्त.

"डॉक्टरांना काय जातंय म्हणायला," नलिनीताई म्हणाल्या. "आधी काही येत नव्हतं ते बरं होतं. घरात बसलं तरी खिडकीतून ही घाण आत येते. उपटून टाका सगळं. फरशी घालून घेऊ."

फरशी हा शब्द ऐकला की मला वाईट वाटतं. या शहरात मी लावलेली किती अंगणं पुढं फरशीखाली गेली, त्याची मोजदाद मी ठेवत नाही. कुणी गाडी लावायला, कुणी पानं झाडायचा कंटाळा म्हणून. पण इथं त्या बाईला काय सांगणार? ज्या वासासाठी त्यांनी इतके महिने जीव पाखडला, तोच त्यांना घरात राहू देईना. मी खुरपं त्यांच्या हातातून घेतलं आणि म्हटलं, "उपटू नका. मी घेऊन जाते. लेक माहेरी येते तशी येऊ द्या माझ्याकडं. तुम्हाला बोलवावंसं वाटेल तेव्हा बोलवा."

"नाही वाटलं तर?"

"तर राहतील माझ्याकडं. मला काय जड झालीत का?"

उपटलेला मरवा पुन्हा कुंडीत लावला आणि दुसऱ्या दिवशी टेम्पो आणून सगळ्या कुंड्या मी छावणीला नेल्या. जाई-जुई आणि कोपऱ्यातला सोनचाफा जमिनीत होते, ते छाटून टाकले, म्हणजे फुलणार नाहीत. राहिलं फक्त लिंबू आणि गवती चहा, कारण त्यांचा वास नलिनीताईंना कसलाच येत नव्हता, ना खरा ना खोटा. स्वतःच्या हातानं लावलेली बाग स्वतःच्याच हातानं उचलून आणायची वेळ माझ्यावर पहिल्यांदा आली होती. मोगरा मी नर्सरीत मागच्या बाजूला, गिऱ्हाइकांना दिसणार नाही असा ठेवला. दोघाचौघांनी विकत मागितला. तो विकायचा नाही, म्हणून सांगितलं.

मग वसंतरावांच्या फेऱ्या सुरू झाल्या. स्कूटरवर छोटा स्टीलचा डबा घेऊन यायचे, मरव्याची दोन पानं, मोगऱ्याचं एखादं फूल डब्यात घालून न्यायचे आणि पुढच्या फेरीला खबर आणायचे.

"काय म्हणाल्या?" मी विचारायची.

"फेकून दिलं."

पुढच्या वेळी, "फेकलं, पण उशिरा फेकलं."

दिवाळीनंतर एकदा आले ते स्कूटर स्टँडवर लावायच्या आधीच बोलायला लागले. "रॉकेल कमी झालं म्हणाली. उंदीर तर गेलाच म्हणे."

संक्रांतीच्या सुमाराला मरवा घरी परत गेला. मीच घेऊन गेले. नलिनीताईंनी पान चुरडलं, नाकाशी धरलं, लांब केलं, पुन्हा धरलं. "मरव्यासारखा नाही," त्या म्हणाल्या. "पण वाईट पण नाही." वसंतराव माझ्याकडं बघून म्हणाले, "हे मी म्हणायचो तेव्हा मला बोलणी बसायची."

खोटं कशाला लिहू, सगळं काही परत आलं नाही. मी हे लिहिते आहे तेव्हाही मोगरा त्यांना मोगऱ्यासारखा येत नाही. जरा ओल्या कागदासारखा येतो म्हणतात. पण तो आता त्यांच्या अंगणात आहे. फुलं वसंतराव तोडतात आणि गजरा शेजारच्या मुलींना देतात. जुईचा वास कधी येतो, कधी येत नाही. नातू आला होता तेव्हा त्याचं डोकं हुंगून बघितलं का, हे मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही.

मरवा घरी गेला त्यानंतरच्या उन्हाळ्यात नलिनीताईंनी मला निरोप पाठवला, मसाला करतेय, या. घरापुरताच करणार होत्या, कुणाला कळवलं नव्हतं. मी गेले तेव्हा स्वयंपाकघरात सगळं साहित्य ताटल्यांत मांडलेलं. मधल्या मोठ्या शेगडीवर लोखंडी कढई, कढईत धने. नलिनीताई उलथणं फिरवत होत्या आणि शेजारी वसंतराव खांद्यावर पंचा टाकून, कढईवर मान वाकवून उभे. मला दारात स्टूल दिलं होतं. मध्ये बोलायचं नाही, अशी ताकीद होती.

"उतरवते," नलिनीताई म्हणाल्या. "रंग आलाय."

"थांब," वसंतराव म्हणाले. "रंग आलाय, वास आलेला नाही."

"काळे होतील."

"होत नाहीत. धन्याला आधी लिंबाच्या पानासारखा वास सुटतो, मग तो गोडसर होतो. अजून लिंबूच आहे. आच कमी कर आणि हलवत राहा."

नलिनीताईंचा हात क्षणभर थांबला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी नाक वर करून हुंगलं आणि मान हलवली. वसंतराव बरोबर सांगत होते. नलिनीताईंनी आच कमी केली. थोड्या वेळानं वसंतराव म्हणाले, "आता. उतरव." त्यांनी कढई उतरवली. धने परातीत ओतले, एक दाणा दाताखाली फोडून बघितला. मग पुढचे तीळ घेताना म्हणाल्या, "इकडं सरका, उजेड अडतो तुमचा," आणि त्या आवाजावरून मला कळलं की धने जमले आहेत.

मिरच्या झाल्या, दगडफूल झालं, नागकेशर झालं. प्रत्येक वेळी दोघांची हुज्जत. एकीचे डोळे, दुसऱ्याचं नाक. खोबरं भाजत असताना वसंतराव असे कढईत बुडाले होते आणि मी त्यांच्याकडं बघण्यात अशी गुंगले होते, की दोघांचंही दुसरीकडं लक्ष नव्हतं.

नलिनीताईंनी अचानक हात थांबवला. मान वर केली. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं.

"काहीतरी करपतंय," त्या म्हणाल्या.

"खोबरं नाही करपत," वसंतराव म्हणाले. "अजून वेळ आहे त्याला."

"खोबरं नाही हो. दुसरंच काहीतरी." त्यांनी पुन्हा नाक ओढलं, जोरात, लहान मूल ओढतं तसं. "करपतंय. मला येतोय वास."

छोट्या शेगडीवर दुपारच्या जेवणाची वांग्याची भाजी ठेवली होती. झाकणाच्या कडेनं धूर यायला लागला होता. आम्हा दोघांच्या नाकात मसाला इतका भरला होता की आमच्या लक्षातच आलं नव्हतं. मला आता तो वास आला. वसंतरावांनाही आला असणार, कारण त्यांनी चष्मा काढला आणि पंच्यानं पुसू लागले.

"करपतंय ना?" नलिनीताईंनी आम्हाला विचारलं. "खरंच करपतंय ना?"

"करपतंय," वसंतराव म्हणाले. "चांगलं करपतंय."

आम्ही तिघंही तिथंच उभे. शेगडी बंद करायचं कुणालाच सुचेना. शेवटी नलिनीताईंनीच पुढं होऊन बटण फिरवलं, झाकण काढलं आणि त्या धुरावर वाकून पुन्हा एकदा वास घेतला. वांगी तळाला कोळशासारखी लागली होती.

दुपारी जेवायला बसलो तेव्हा भाकरी होती, दही होतं, लोणचं होतं, नवा मसाला घालून केलेली आमटी होती. पण नलिनीताईंनी ती करपलेली भाजी कुणाला टाकू दिली नाही. तिघांनाही वाढली आणि स्वतः दोनदा मागून घेतली.